घरच्या इंटरनेटचा दुसरा आकडाही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

इंटरनेटविषयीच्या बातम्यांत आणि जाहिरातींत एकच आकडा झळकतो, तो एमबीपीएसचा. शंभरचा प्लॅन, तीनशेचा प्लॅन, आता तर गिगाबिट. कंपन्यांची तुलना करणारे लेखही त्याच आकड्यावर थांबतात. इकडे घरात शंभरचा प्लॅन असूनही ऑनलाइन मुलाखतीत आवाज तुटतो, मुलाच्या गेममधला खेळाडू उड्या मारत पळतो, आणि रिमोट डेस्कटॉपवर काम करणाऱ्याला कळ दाबल्यावर अक्षर उमटायची वाट पाहावी लागते. तक्रार केली की उत्तर ठरलेले: "मोठा प्लॅन घ्या." नेटवर्कची देखभाल हाच व्यवसाय असलेल्या आम्हा काही जणांच्या मते या सल्ल्याने ग्राहकाचे बिल हमखास वाढते, दुखणे क्वचितच बरे होते. दुखणे असते ते विलंबात, म्हणजे लेटन्सीत. त्यातही लाइन भरलेली असताना होणाऱ्या विलंबात. हा आकडा घरबसल्या मोजता येतो आणि बऱ्याच घरांत थोड्या खटपटीने खालीही आणता येतो.

एका सेकंदात किती डेटा वाहू शकतो हे एमबीपीएसमधून कळते. एक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, समोरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन त्याचे उत्तर परत यायला किती मिलिसेकंद लागले हे विलंबातून कळते. गेम खेळणारी मुले यालाच 'पिंग' म्हणतात. चांगल्या दर्जाच्या व्हिडिओ कॉलला प्रत्येक दिशेने ३-४ एमबीपीएस पुरतात. त्यामुळे शंभरचे तीनशे केले तरी कॉलला त्यातले काही लागत नाही. बोलताना मात्र एकाचे वाक्य संपल्यावर दुसरा साधारण पाव सेकंदात तोंड उघडतो, आणि विलंब त्यापलीकडे गेला की दोघे एकाच वेळी बोलू लागतात, मग एकाच वेळी थांबतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार आवाजाला एका बाजूने दुसऱ्या बाजूला पोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंत लागले तर बहुतेक वापरांत चालते. या १५० मध्ये माइक, आवाज आवळून त्याचा डेटा करणारा कोडेक, पॅकेटांचे आगेमागे येणे झाकणारा जिटर बफर आणि हेडफोन हे सगळे आपापला वाटा उचलतात. ब्लूटूथ हेडफोनवर गाणी किंवा गेमचा आवाज ऐकताना एकटा हेडफोनच १५०-२०० मिलिसेकंद खाऊ शकतो. गेमच्या तक्रारीत इंटरनेटवाल्याला फोन लावण्याआधी वायरचा हेडफोन लावून पाहावा आणि टीव्हीवर खेळत असाल तर त्याचा 'गेम मोड' चालू करावा, तो याच कारणासाठी.

विलंबाचा एक भाग कुणालाच कमी करता येत नाही. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन दर १०० किलोमीटरला १ मिलिसेकंद. मुंबई-पुण्याला दीड, समृद्धी महामार्गाच्या लांबीइतक्या फायबरला सात. मुंबईहून लंडन सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे किमान ७२ मिलिसेकंद; पण केबल अरबी समुद्र, लाल समुद्र, इजिप्त, भूमध्य असा वळसा घेते, त्यामुळे प्रत्यक्षात शंभराच्या पुढेच आकडा दिसतो. पुण्यातल्या आजी-आजोबांचा कॅलिफोर्नियातल्या नातवंडांशी कॉल घ्या. सरळ अंतर साडेतेरा हजार किलोमीटरच्या घरात, म्हणजे भौतिकशास्त्राचा हिस्साच १३५. रोजच्या व्यवहारात २०० ते २५० दिसतात. एकेरी हिशेबात यातच १००-१२५ गेले. जी.११४ ची मर्यादा पाळायची तर घरातल्या राउटरला उधळायला काही शिल्लक राहत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात जेद्दाजवळ केबल तुटल्या, तेव्हा मायक्रोसॉफ्टने ॲझ्युर या आपल्या क्लाउड सेवेच्या ग्राहकांना मध्यपूर्वेतून जाणाऱ्या वाहतुकीला जास्त विलंब होईल असे कळवले होते. वाहतूक वळवली, सेवा चालू राहिली. वळसा वाढला तेवढे मिलिसेकंद वाढले. अशा वेळी स्थानिक इंटरनेटवाल्याला धारेवर धरण्यात अर्थ नसतो.

पण घरच्या तक्रारींत अंतर हे कारण फार कमी वेळा निघते. मुंबईतल्या सर्व्हरपर्यंत एरवी ८ मिलिसेकंद लागणाऱ्या घरात कुणीतरी फोनमधले लग्नाचे फोटो क्लाउडवर चढवू लागले की तोच आकडा ४०० होतो. अंतर वाढलेले नसते; राउटरमध्ये रांग लागलेली असते. वेग वेगळे असलेल्या दोन तारा जिथे जोडल्या जातात तिथे जास्तीची पॅकेट क्षणभर ठेवायला बफर लागतोच. घरातले वाय-फाय राउटरला २०० एमबीपीएसने डेटा देते आणि बाहेरची लाइन ३० ची आहे, तर फरक बफरात साठतो. मेमरी स्वस्त झाली तसे निर्माते बफर मोठे करत गेले, कारण पॅकेट टाकून देणे हे वाईट यंत्राचे लक्षण असा समज. राउटरमध्येही वापरल्या जाणाऱ्या लिनक्स या खुल्या प्रणालीत इथरनेटची, म्हणजे वायरच्या जोडणीची, रांग पूर्वापार १,००० पॅकेटची धरलेली असते. एक पॅकेट १,५०० बाइटचे, म्हणजे १२,००० बिट. हजार पॅकेट म्हणजे १.२ कोटी बिट. ३० एमबीपीएसच्या लाइनवर एवढी रांग उपसायला ४०० मिलिसेकंद लागतात, १०० वर १२०, आणि १० एमबीपीएसच्या अपलोडवर तब्बल १.२ सेकंद. खालापूरच्या टोलनाक्यावर ट्रकच्या रांगेमागे अडकलेल्या छोट्या मोटारीसारखी कॉलची लहानशी पॅकेट फोटोंच्या मोठ्या पॅकेटांमागे थांबून राहतात.

या गणितावरून वाटेल की मोठ्या प्लॅनने रांग तीनपट लवकर उपसली जाईल, म्हणजे "मोठा प्लॅन घ्या" हे बरोबरच. काही घरांत तेवढ्यापुरता फरक पडतो, हे मान्य. पण टीसीपीचा, म्हणजे इंटरनेटवर डेटा पाठवण्याच्या नियमांचा, पारंपरिक प्रकार पॅकेट गळेपर्यंत वेग वाढवतच राहतो, त्यामुळे एक मोठी फाइल कितीही रुंद लाइन भरून टाकते. आणि बाहेरची लाइन रुंद झाली की अडथळा वाय-फायवर सरकतो. वाय-फायच्या राउटरमध्येही बफर असतो, तिथे वेग दर क्षणाला बदलतो, आणि भिंतीआडच्या खोलीत तो २० एमबीपीएसपर्यंत घसरला की रांग पुन्हा तेवढीच.

हा प्रश्न नवा नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचे बर्कली विद्यापीठ यांच्यातली जोडणी ३२ हजार बिट प्रति सेकंदावरून ४० बिटांवर कोसळली. दोन्ही ठिकाणांत अंतर होते ४०० यार्ड. त्यातून व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये टीसीपीचे गर्दी-नियंत्रण मांडले. त्या नियंत्रणाला पॅकेट गळणे हाच गर्दीचा इशारा असतो. बफर अवाढव्य केला की इशारा उशिरा पोचतो आणि तोवर पाठवणारा जोर लावत राहतो. २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांनी या रोगाकडे लक्ष वेधले आणि त्याला 'बफरब्लोट' हे नाव रूढ झाले. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी 'कोडेल' ही पद्धत दिली. ती रांगेची लांबी मोजत नाही. प्रत्येक पॅकेट रांगेत किती वेळ थांबले ते मोजते. १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत थांबण्याचा वेळ एकदाही ५ मिलिसेकंदांखाली आला नाही, तर ती पॅकेट टाकायला सुरुवात करते. 'एफक्यू-कोडेल'मध्ये प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग मिळते, त्यामुळे कॉलची पॅकेट डाउनलोडच्या मागे उभी राहत नाहीत. 'केक' ही त्याची पुढची, घरगुती राउटरसाठी सोपी केलेली आवृत्ती, २०१८ पासून लिनक्समध्ये आहे. हे सगळे फुकट आणि खुले आहे. तरीही बहुतेक कंपन्या ग्राहकाला जो पांढरा डबा देतात त्यात यातले काहीच चालू नसते. आमच्या मते खरी बातमी ही आहे.

मोजायचे कसे? ओकलाच्या स्पीडटेस्टमध्ये पिंगचे तीन आकडे दिसतात: लाइन मोकळी असताना, डाउनलोड चालू असताना आणि अपलोड चालू असताना. फास्ट डॉट कॉमवर 'अधिक माहिती' दाबली की भाराविना आणि भारासह असे दोन दिसतात. मॅकवर २०२१ च्या मॉन्टेरीपासून टर्मिनलमध्ये 'नेटवर्क क्वालिटी' (networkQuality) ही आज्ञा आहे. ती एका मिनिटात किती फेऱ्या झाल्या ते सांगते. ६०० आले तर एका फेरीला १०० मिलिसेकंद. मोकळ्या आणि भरलेल्या आकड्यांतला फरक ३० च्या आत असेल तर घर ठीक आहे. १०० च्या वर असेल तर कॉल अडखळणारच, मग प्लॅन कुठलाही असो.

फरक मोठा निघाला की रोग कुठे आहे ते शोधावे. लॅपटॉपवर आज्ञा टाइप करायच्या तीन खिडक्यांत 'पिंग' या आज्ञेने तीन पिंग एकाच वेळी चालू ठेवावेत. पहिला स्वतःच्या राउटरला, त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. दुसरा कंपनीच्या पहिल्या यंत्राला. वाटेतल्या यंत्रांची यादी दाखवणारी ट्रेसरूट ही आज्ञा चालवल्यावर राउटरच्या पुढची जी पहिली ओळ येते तो पत्ता. तिसरा १.१.१.१ सारख्या सार्वजनिक पत्त्याला. अंक अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे. विंडोजवर पिंग चार वेळाच जातो. तो चालू ठेवायला पत्त्यानंतर जागा सोडून आडवी रेघ आणि इंग्रजी 'टी' लावावे. मग एक मोठी फाइल अपलोडला लावून पाहत बसावे. पहिलाच आकडा उसळला तर दोष वाय-फायचा. पहिला शांत आणि दुसरा-तिसरा उसळला तर रांग राउटरपासून कंपनीच्या पहिल्या यंत्रापर्यंतच्या टप्प्यात. अपलोड न लावताही रात्री ९ ते ११ मध्ये दुसरा किंवा तिसरा चढत असेल तर कंपनीची पुढची लाइन भरलेली आहे.

इथे ट्रेसरूटविषयी एक खुलासा हवा, कारण त्याचे स्क्रीनशॉट दाखवून पुष्कळ भांडणे होतात. मधल्या एखाद्या ओळीत ९० मिलिसेकंद आणि पुढच्या सर्व ओळींत १५ दिसत असतील तर त्या ९० ला अर्थ नाही. मोठे राउटर पॅकेट पुढे ढकलण्याचे काम खास चिपवर करतात आणि आपल्या चौकशीला उत्तर देण्याचे काम फुरसतीने, साध्या प्रोसेसरवर. वाढलेला आकडा शेवटच्या ओळीपर्यंत टिकला तरच तो दोष मानावा. तक्रार नोंदवताना कंपनीला हे कळते असे दाखवले की बोलणे लवकर मुद्द्यावर येते.

वाय-फायचा दोष निघाला तर. वायरवर राउटरचा पिंग १ मिलिसेकंदाच्या आत असतो. चांगल्या वाय-फायवर २ ते ५. तो मधूनच ५०-१०० होत असेल तर आधी २.४ गिगाहर्ट्‌झ सोडावे. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. सोसायटीतली पन्नास घरे तेवढ्यात कोंबलेली असतात, शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच लहरींवर चालतो. ५ गिगाहर्ट्‌झची पोच कमी, म्हणून शेजाऱ्यांचा त्रासही कमी. मात्र आरसीसीची भिंत, जुन्या वाड्याची दगडी भिंत किंवा लोखंडी कपाट मध्ये आले की तो संपतो. राउटर टीव्हीच्या मागच्या कोनाड्यात न ठेवता उघड्यावर, उंचावर, घराच्या मध्यावर ठेवावा. रिपीटर शेवटचा उपाय समजावा. तो तेच पॅकेट हवेत दुसऱ्यांदा पाठवतो, म्हणजे हवेतला वेळ दुप्पट जातो आणि सिग्नलचे दांडे भरलेले दिसूनही विलंब वाढतो. लांबच्या खोलीत बसलेला एक जुना फोनही सगळ्यांना थांबवतो, कारण हळू बोलणारे उपकरण हवा जास्त वेळ अडवते. ज्या टेबलावर मुलाखती, परीक्षा किंवा ऑफिसचे काम होते तिथवर कॅट-५ई ची वायर ओढणे हा सगळ्यात खात्रीचा इलाज. शंभर मीटरपर्यंत ती गिगाबिट देते. घराचे रंगकाम निघाले असेल तर तेवढ्यात पाइपमधून ओढून घ्यावी.

रांग घरच्या राउटरमध्ये निघाली तर ती आपल्या ताब्यात घ्यावी लागते. युक्ती अशी की आपल्या राउटरने बाहेरच्या लाइनपेक्षा थोडे कमी पाठवायचे, म्हणजे अडथळा कंपनीच्या डब्यात न होता आपल्या राउटरमध्ये होतो आणि रांगेवर केकचा ताबा राहतो. त्यासाठी ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची खुली प्रणाली चालणारा राउटर लागतो आणि त्यात रांग सांभाळणारे 'एसक्यूएम' हे पॅकेज. कंपनीच्या डब्याला 'ब्रिज मोड'वर, म्हणजे राउटरचे काम सोडून फक्त डेटा पुढे देण्यावर, टाकायला सांगितले तर उत्तम. नाही टाकले तरी चालते, फक्त घरातली सगळी उपकरणे आपल्याच राउटरमागे हवीत आणि कंपनीच्या डब्याचे वाय-फाय बंद. सकाळी लाइन मोकळी असताना, वायर लावून, तीनदा वेग मोजावा आणि सगळ्यात कमी आलेला आकडा धरावा. अपलोडची मर्यादा त्याच्या ९० टक्के, डाउनलोडची ८५ टक्के. डाउनलोडला जास्त कात्री लागते, कारण ती रांग मुळात कंपनीकडे असते. आपण पॅकेट पोचल्यावर टाकून पाठवणाऱ्याला हळू व्हायला लावतो, आणि हा इशारा पोचायला एक फेरी जाते. रांगेचा प्रकार 'केक', लिंकचा प्रकार इथरनेट आणि प्रत्येक पॅकेटमागे ४४ बाइटचा अधिभार धरावा. मग पुन्हा भारासहित चाचणी. विलंब खाली आला असेल तर मर्यादा थोडी थोडी वाढवत न्यावी आणि विलंब पुन्हा चढू लागला की एक पाऊल मागे यावे. एका माणसाने चाळीस जोडण्या उघडून टॉरेंट लावला तरी घरातल्या प्रत्येकाला समान वाटा मिळावा असे वाटत असेल तर केकचे प्रत्येक यंत्रामागे वाटणी करणारे पर्यायही चालू करावेत.

यात दोन ठिकाणी हमखास फसायला होते. राउटरमध्ये 'हार्डवेअर ऑफलोड', म्हणजे प्रोसेसरऐवजी खास चिपवरून पॅकेट पुढे ढकलणे, चालू असेल तर पॅकेट रांगेला बगल देऊन जातात. सेटिंग लावलेले दिसते, परिणाम शून्य. ते बंद करावे लागते. आणि ते बंद केले की सगळा भार राउटरच्या प्रोसेसरवर येतो. स्वस्त राउटर १०० ते २०० एमबीपीएसच्या पलीकडे दमतात आणि मग मर्यादा ३०० ची टाकूनही चाचणीत १६० दिसतात. तीनशेच्या प्लॅनला त्या ताकदीचा राउटर हवा, किंवा तीनशेतले दीडशे सोडून देण्याची तयारी हवी. आम्हाला विचाराल तर चार-पाच माणसांच्या घरात स्थिर १५० हे अस्थिर ३०० पेक्षा कधीही चांगले. ही भानगड नको असलेल्यांनी निदान फोटोंचा बॅकअप रात्री बारानंतर ठेवावा आणि क्लाउडच्या ॲपमध्ये अपलोडची मर्यादा घालावी. बऱ्याच ॲपमध्ये ती सोय असते.

कंपनीची पुढची लाइनच भरलेली असेल तर वरचे काही चालत नाही. फायबरच्या नेहमीच्या जीपॉन पद्धतीत उतरती २.४८८ आणि चढती १.२४४ गिगाबिटची क्षमता एका तंतूवरच्या ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. तीही बहुधा पुरते. तुटवडा पडतो तो स्थानिक केबलवाल्याने वरच्या कंपनीकडून घेतलेल्या घाऊक लाइनमध्ये, संध्याकाळी सगळे टीव्ही एकदम चालू झाले की. दुसरा प्रकार वळशाचा: शेजारच्या दोन कंपन्या एकमेकींना गावात भेटत नसतील तर पुण्यातून पुण्यात जाणारे पॅकेट मुंबईला किंवा चेन्नईला जाऊन परत येते. देशातली वाहतूक देशातच बदलली जावी म्हणून २००३ मध्ये निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) स्थापन झाली आणि मुंबईत तिचे केंद्र आहे. तुमची कंपनी तिथे किंवा अन्य एक्स्चेंजवर जोडलेली आहे का, हा प्रश्न जोडणी घेण्याआधी विचारण्यासारखा आहे. विक्रेत्याला उत्तर येणार नाही. तांत्रिक माणसाला मागून घ्यावे.

मोबाइलविषयी थोडक्यात. ५जी म्हणजे १ मिलिसेकंद असे अजूनही छापून येते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या निकषांत १ मिलिसेकंद हा आकडा यंत्रनियंत्रणासारख्या खास वापरासाठी आहे, सामान्य ब्रॉडबँडसाठी तो ४ आहे, आणि दोन्ही फक्त फोन ते टॉवर या रेडिओच्या टप्प्याचे. टॉवरपासून सर्व्हरपर्यंतचा प्रवास त्यात धरलेलाच नाही. शिवाय सिग्नल कमकुवत असला की पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवावे लागते, म्हणून डोंगराआडच्या गावात दोन दांड्यांवर पिंग सतत खालीवर होतो. घरी ५जीचा डबा बसवलेल्यांना वरची ९० टक्क्यांची मर्यादा उपयोगी पडत नाही, कारण लाइनचा वेगच दर मिनिटाला बदलतो. त्यासाठी 'केक-ऑटोरेट' नावाची स्क्रिप्ट आहे, ती पिंग पाहून मर्यादा हलवत राहते. डबा खिडकीत, टॉवरच्या दिशेला ठेवणे हा त्याआधीचा उपाय.

आता संकेतस्थळे चालवणाऱ्यांविषयी. यात सरकारी खाती, बँका आणि वृत्तपत्रेही आली. सर्व्हर अमेरिकेत आणि एक फेरी २०० मिलिसेकंदांची धरा. टीसीपीची ओळखपाळख एक फेरी, जोडणी सुरक्षित करणाऱ्या टीएलएस १.२ च्या दोन, मग पानाची मागणी एक: पहिला बाइट दिसायला ८०० मिलिसेकंद. टीएलएस १.३ ला एक फेरी कमी लागते. पुढे टीसीपी सुरुवातीला फक्त दहा पॅकेट, म्हणजे साधारण १४ हजार बाइट पाठवतो आणि दर फेरीला दुप्पट करत जातो. ३०० केबीच्या पानाला पाच फेऱ्या, त्यातली एक मागणीसोबत मोजून झाली, म्हणजे आणखी ८०० मिलिसेकंद. वाचकाकडे गिगाबिटचा प्लॅन असला तरी यातला एक मिलिसेकंद कमी होत नाही. तोच सर्व्हर मुंबईत असता तर सगळे मिळून शंभराच्या आत उरकले असते. २०१५ पासून पुण्यात ॲझ्युरचे, २०१६ पासून मुंबईत ॲमेझॉनचे आणि २०१७ पासून गुगलचे डेटा सेंटर असताना मराठी वाचकासाठीचे पान सातासमुद्रापलीकडून येण्याचे कारण उरलेले नाही. जाहिराती, फाँट आणि वाचकाचा माग काढणाऱ्या स्क्रिप्ट वीस वेगवेगळ्या पत्त्यांवरून येत असतील तर प्रत्येकाशी ओळखपाळख नव्याने होते. संपादक महोदय, आपल्या तांत्रिक विभागाने एकदा हे मोजून पाहावे.

निकालाच्या दिवशी संकेतस्थळ बसते त्यामागेही रांगेचेच गणित असते. साध्या रांगेच्या सूत्रानुसार सर्व्हर ५० टक्के गुंतलेला असताना एका मागणीला मूळच्या दुप्पट वेळ लागतो, ८० टक्क्यांना पाचपट, ९० ला दहापट, ९५ ला वीसपट. म्हणून "सर्व्हर ९५ टक्के वापरात आहे" हे कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र समजू नये. आणि एक पान तयार करायला शंभर यंत्रांना विचारावे लागत असेल व त्यातले प्रत्येक यंत्र शंभरात एकदाच अडखळत असेल, तरी ६३ टक्के पाने अडखळतात. म्हणून सरासरी विलंब हा आकडा फसवा. शंभरातल्या सर्वात मंद पाच किंवा एका मागणीला किती वेळ लागला ते पाहावे लागते.

शेअर बाजारात या गोष्टी केव्हाच मुद्द्याच्या झाल्या आहेत. एनएसईच्या को-लोकेशन (दलालांचे सर्व्हर बाजाराच्याच आवारात ठेवण्याच्या) प्रकरणात, सर्व्हर एकेका जोडणीला क्रमाने डेटा पाठवत असल्यामुळे आधी जोडला गेलेल्याला तो आधी मिळत होता, हा आक्षेप सेबीच्या एप्रिल २०१९ च्या आदेशात होता. वाद पुढे अपिलात गेला. दलालांच्या रांगेचा क्रम तपासायला एवढी यंत्रणा राबते. घरगुती ग्राहकाच्या ४०० मिलिसेकंदांच्या रांगेविषयी बिलावर एक ओळही नसते.

ट्राय या दूरसंचार नियामकाचे सेवा-दर्जाचे नवे एकत्रित नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले आणि त्यांत विलंबाचाही निकष आहे, ही चांगली गोष्ट. आमची मागणी पुढची आहे. विलंब मोकळ्या लाइनवर आणि भरलेल्या लाइनवर असा दोनदा मोजावा. रात्री ९ ते ११ चे आकडे वेगळे द्यावेत. सरासरीसोबत ९५ वा शतमक, म्हणजे शंभरातल्या पंचाण्णव मोजण्या ज्याच्या आत येतात तो आकडा, हाही जाहीर करावा. ग्राहकाला दिल्या जाणाऱ्या डब्यात एफक्यू-कोडेल किंवा केक चालू असल्याची अट असावी; डब्याला त्यासाठी वेगळा भाग लागत नाही, फर्मवेअर, म्हणजे डब्यातली प्रणाली, बदलावे लागते. आणि आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी कंपन्यांची तुलना छापताना एमबीपीएसच्या शेजारी भारासहितच्या मिलिसेकंदांचा रकाना घालावा. ती चाचणी एका बातमीदाराला एका फोनवर अर्ध्या मिनिटात करता येते.

आपले,
नेटवर्क देखभालीच्या क्षेत्रात काम करणारे काही वाचक, पुणे

ता. क. : 'गेमिंग राउटर' म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्याला सहा अँटेना आणि लाल दिवे असतात, त्याने विलंब कमी होतो असे समजू नये. खोक्यावर एसक्यूएम, एफक्यू-कोडेल किंवा केक यांपैकी एखादे नाव आहे का पाहावे. तसेच डीएनएस बदलल्याने गेममधला पिंग कमी होत नाही. डीएनएस फक्त नावावरून पत्ता शोधतो. एकदा पत्ता मिळाला की खेळ संपेपर्यंत त्याचा संबंध येत नाही.